दह्याच्या सटात गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना सट आहे. चिनी मातीचा, खाली पांढरा, गळ्याशी तपकिरी. काठाचा टवका सुमनताईंच्या हातून उडाला. आळ मात्र मांजरावर आला.

मोशी गावातल्या सुमनताईंच्या घरात माझं काम एकच, दही लावणं. कोमट दूध, चमचाभर विरजण, आणि सकाळी घट्ट दही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंची केवढी वस्ती माझ्या पोटात नांदायची! शेजारच्या गिरजाबाईंचं विरजण बिघडलं की त्या वाटी घेऊन माझ्याकडेच येत.

मग सुमनताईंच्या यजमानांचा, सयाजीरावांचा, खोकला वाढला. ते महाळुंग्याच्या एका फाउंड्रीत ओतीव लोखंड घासायचे. कंपनीतून निवृत्त झाले, पण छातीतली धूळ काही निवृत्त झाली नाही. जिना चढताना मध्येच बसावं लागे. सुमनताईंनी ठरवलं, दही थंड. दही बंद! मी धुऊनपुसून फळीवर गेलो.

रिकामं भांडं घरात कोणी रिकामं राहू देत नाही. अँटिबायोटिकची अर्धी पाकिटं माझ्यात पडू लागली. जरा बरं वाटलं की उरलेली गोळी सटात. पुढचा खोकला आला की सुमनताईंचा हातही सटात.

"अहो, मागच्या वेळची ही लाल गोळी घ्या. गुण येतो हिनं."

खोकल्याला गुण कधी यायचा, कधी नाही. पोट मात्र हमखास बिघडायचं. मग भाकरी नको, पालेभाजी नको, नुसता चहा आणि बिस्किटं. सयाजीराव वाळत चालले. आणि प्रत्येक गोळी निघत होती माझ्याच पोटातून.

एकदा श्वास इतका अडला की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर रश्मी म्हणाल्या, "काकू, घरात असतील तेवढी औषधं घेऊन या." सुमनताईंनी घाईत मलाच पिशवीत घातलं.

डॉक्टर आत डोकावल्या. "हा दह्याचा सट ना?"

"होता," सुमनताई म्हणाल्या.

"काकू, आपल्या आतड्यातही चांगले जीवाणू असतात. भाकरी, डाळ, भाजी हे त्यांचं खाणं. ते नीट असले तर फुफ्फुसांची सूज आटोक्यात राहायला मदत होते, असं संशोधनात दिसू लागलंय. अजून पुष्कळ कळायचंय. पण मनानं घेतलेली ही गोळी त्या बिचाऱ्यांनाही मारते. गरज असेल तेव्हा मी देईन. आणि श्वासासाठी ओढायचा औषधाचा पंप चुकवायचा नाही."

"मग दही?"

"दह्यानं हा आजार बरा होत नाही. पण सोसत होतं तर बंद कशाला केलंत?"

सुमनताईंची मान खाली गेली. "माझ्याच हातानं दिल्या हो सगळ्या."

ऑक्सिजनच्या मास्कआडून सयाजीराव पुटपुटले, "अगं, लोखंडाची धूळ काय तू ताटात वाढलीस? कंपनीचा मास्क मीच गळ्यात घालायचो, मंगळसूत्रासारखा."

सुमनताई हसल्या नाहीत.

सयाजीराव घरी आले. मला घासूनपुसून उकळत्या पाण्यानं धुतलं, पण विरजण कुठलं आणायचं? दही म्हणजे विष, असं सुमनताईंनी गल्लीभर सांगितलेलं! शेवटी वाटी पदराआड धरून त्या गिरजाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

गिरजाबाईंनी वाटी भरली. "लाजतीस कशाला? घे, तुजंच हाय त्ये. तुज्याच सटातनं नेलं व्हतं."

सकाळी दही लागलं. सयाजीराव अजूनही जिन्यात थांबतात, पंपही चालूच आहे. पण दुपारी भाकरी मागून घेतात.

मित्रांनो, उरलेली औषधं साठवू नका, मनानं कुणाला देऊ नका. देणाऱ्याचा हात मायेचाच असतो, म्हणून तर घेणारा विचारत नाही.

रोज दूध ओतण्याआधी सुमनताई माझ्या तळाशी बोट फिरवतात, एखादी गोळी राहिली तर नाही ना. मी स्वच्छ आहे, मला ठाऊक आहे. तरी ते बोट वर येईपर्यंत मीही श्वास रोखून धरतो.