ब्याऐंशी किलोंची आठवण

मित्रांनो, धरणं आणि सोडणं या दोनच क्रियांवर अवघं विश्व चाललेलं आहे. सूर्याने पृथ्वीला धरलं म्हणून ऋतू होतात, फांदीने पान सोडलं की पानगळ होते, आणि माणूस तर काय धरावं नि काय सोडावं या विवंचनेतच म्हातारा होतो. या दोन्ही विद्यांमध्ये माझा हात धरणारा त्रिभुवनात कोणी नाही.

मी एक जुना क्लच आहे. गवत कापायच्या गाडीच्या पोटाखाली उलटा टांगलेला, डब्याच्या झाकणाएवढा, आणि बहुतेक वेळा ओल्या गवताने लिंपलेला.

माझ्या जन्माची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे देऊन मला घडवण्यात आलं. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला वीज लावली, मी ‘टक्’ केलं, आणि बाई माझ्याकडे न बघता ‘पास’ म्हणाल्या. त्यानंतर माझी स्तुती आयुष्यात एकदाच झाली. ती पुढे येईल.

माझं काम सोपं आहे. चालवणाऱ्याने बटण ओढलं की माझ्यात वीज येते, मी लोहचुंबक होतो, लोखंडी तबकडी धरतो आणि पाती गरगरा फिरू लागतात. वीज गेली की सोडतो. मात्र ही वीज सीटखालून येते. सीटवर माणूस असला, तरच तिथला स्विच दाबला जातो. माणूस उठला की पाती थांबली पाहिजेत, नाहीतर गवताबरोबर पायही कापले जातील. म्हणून मित्रांनो, मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही. वजनावरून ओळखतो.

आमची गाडी एका मोठ्या दवाखान्याच्या आवारात होती. माळीकाका ती चालवत. वजन ब्याऐंशी किलो. दर सोमवारी ते बाह्यरुग्ण विभागातल्या काट्यावर फुकट उभे राहत आणि नर्सला म्हणत, “बघा, खातापिता माणूस आहे, काळजी नसावी.” ते सीटवर बसले की स्प्रिंग एकदा कण्हायची, आणि मग चार तास आवाज नाही. सतरा वर्षं मी त्यांच्या वजनाखाली काम केलं. खिडक्यांमधले रुग्ण हिरवळ बघून बरे व्हायचे. श्रेय अर्थातच डॉक्टरांना मिळायचं.

त्यांची मुलगी दुपारी डबा घेऊन यायची. ते तिला चिमणी म्हणत. “बाबा, मला चालवू द्या ना.”

“आधी चार घास जास्त खा, मग बस. चिमणी बसली तर फांदीलासुद्धा कळत नाही.”

ती फुरंगटून डबा आपटायची. “मुलगा असता तर दिली असती!”

“मुलगा असता तर डबा आला नसता,” काका म्हणत.

एकदा सीटची स्प्रिंग थकली. काका उतरले तरी सीट वर येईना आणि पाती फिरतच राहिली. त्यांनी सीट उलटी करून काहीतरी केलं. काय, ते मला दिसलं नाही. मी खाली होतो, मी नेहमीच खाली असतो. तेव्हापासून सीट कडक झाली एवढं खरं.

आता जे सांगायचं आहे, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

भर दुपार होती. कुंपणाच्या भिंतीजवळ काकांचा पाय पेडलवरून घसरला आणि गाडी उभी राहिली. मला वाटलं, वाटेत दगड असेल. ते पुढे झुकले. खिडकीतून एक आजोबा कौतुकाने म्हणाले, “माळीकाका डुलकी काढतायत.” सीटवर वजन तेवढंच होतं. ब्याऐंशी किलो, गुंजभरही कमी नाही. मी धरून ठेवलं. पाती एकाच जागी फिरत राहिली. गवत संपलं, मुळं संपली, माती उडू लागली. पेट्रोल संपायला चाळीस मिनिटं लागली. आवाज थांबला तेव्हा कुठे कोणीतरी धावत आलं.

मी मधेच सोडलं असतं, तर आवाज बदलला असता. कोणीतरी वळून पाहिलं असतं. पण मला धरायला सांगितलं होतं, आणि सांगणारा माणूस निघून गेला आहे हे वजनाला कळत नाही.

त्या जागी पुन्हा गवत उगवलं नाही. आणि गाडी ठेवायच्या शेडमध्ये कोणी नसताना सीटची स्प्रिंग अजूनही एकदा कण्हते. उन्हाने लोखंड प्रसरण पावतं, असं मी स्वतःला समजावतो. शेडमध्ये ऊन येत नाही.

काकांच्या जागी चिमणीला तात्पुरतं घेतलं. ती भीतभीत सीटवर बसली, तिने बटण ओढलं, मी धरलं. गाडी जराशी उसळली, मी सोडलं. धरलं. सोडलं. हिरवळीवर जेवढे खड्डे, तेवढ्या वेळा. दर वेळी धरताना मी तबकडीवर घासायचो, जसे थंडीत तुम्ही तळवे घासता. फरक इतकाच की तुम्हाला बरं वाटतं. वीस मिनिटांत माझ्यातून जळका वास येऊ लागला, धूर निघाला, आणि पाती मेली. गाडी थांबली ती नेमकी त्या उघड्या मातीपाशी.

मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणजे दवाखान्यातल्या तमाम बिघडलेल्या वस्तूंचे डॉक्टर. देह असा की दारातून शिरताना आधी पोट, मग ओळख. त्यांनी मला बोट लावलं, बोट तोंडात घातलं आणि निदान केलं, “तापलाय.”

मग माझी रीतसर तपासणी झाली. बॅटरी भरलेली निघाली. गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या तारेचा गंज त्यांनी घासून काढला. माझ्यात आणि तबकडीत पोस्टकार्डाच्या जाडीची फट लागते, ती तीन ठिकाणी मोजली. शेवटी स्वतः सीटवर बसले आणि अर्धं मैदान कापून आले. मी थंडगार.

“क्लच निर्दोष आहे,” मिस्त्री म्हणाले. (हीच ती स्तुती.)

चिमणी बसली. वीस मिनिटं. धूर.

चार दिवस हेच. मिस्त्री बसले की थंड, ती बसली की धूर. पाचव्या दिवशी वॉचमन खुर्ची सरकवून जवळ आला. “मिस्त्री, पाना ठेवा खाली. हे विजेचं काम नाही. माळीकाका त्या सीटवरून उठलेच नाहीत अजून.”

“मग मी बसलो तेव्हा कुठे गेले होते?”

“तुम्ही बसल्यावर भुताला तरी जागा उरते का?”

मिस्त्री हसले. चिमणी हसली नाही. “ते मला कधीच बसू देत नव्हते,” ती म्हणाली. “त्यांना मी नकोय इथे.”

खाली टांगलेला मी हे ऐकत होतो. मित्रांनो, ज्याला मेलेल्या माणसाचं वजन चाळीस मिनिटं खरं वाटलं, त्याला जिवंत मुलीचं वजन लागत नव्हतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. आम्हा क्लचांना लाज वाटली की आम्ही तापतो, म्हणजे तीही सोय नाही.

व्यवस्थापक साहेबांनी निकाल दिला. “सोमवारी भंगारवाला येईल. गवत काढून फरश्या बसवू. फरश्या तापत नाहीत.” (खिडकीतले आजोबा म्हणाले, “भर उन्हात अनवाणी चाला म्हणावं.”) गाडी गेली की चिमणीची नोकरीही जाणार होती.

त्याच दुपारी तिची आत्या आली. दवाखान्याचं स्वयंपाकघर तिच्या धाकात चालायचं. हातात कालचा डबा, भरलेला. “बाप गेल्यापासून हे चौथं पातेलं फेकतेय मी. आरशात बघ स्वतःला! वाळत घातलेला परकर दिसतेस. वाऱ्याने उडालीस तर कुठे शोधू तुला?”

“भूक नाही, आत्या.”

“भुकेला कोण विचारतंय? खा!”

तिने डबा बाजूला ठेवला. जायच्या आधी बाबांच्या त्या उघड्या जागेवर तेवढं बी पेरून जावं, असं तिच्या मनात होतं. तिने वीस किलोंचं बियाणं-मातीचं पोतं मांडीवर घेतलं आणि जाता जाता शेवटची पट्टी कापायला बटण ओढलं.

मी धरलं. आणि धरूनच राहिलो. खड्डा आला, धरून. उंचवटा आला, धरून. भिंतीपाशी ती उतरली, मी सोडलं. तिने पोतं रिकामं केलं, बी पसरलं, परत येऊन बसली. धरलं, सोडलं, धरलं, सोडलं.

“थांब!” मिस्त्री ओरडले आणि आयुष्यात पहिल्यांदा पळत आले. “आता जाताना टकटक नव्हती. मांडीवर काय होतं?”

“पोतं.”

“म्हणजे भुताला पोतं चालतं आणि तू नाही? ऊठ बघू.”

त्यांनी सीट उलटी केली. थकलेल्या स्प्रिंगला आधार म्हणून तिथे काहीतरी घट्ट ठोकून बसवलेलं होतं. पकडीने ओढून काढलं. काकांच्या जुन्या चपलेचा तळवा. पाचही बोटांचे ठसे त्यात उमटलेले होते.

वॉचमनने टोपी काढली.

“ब्याऐंशी किलोंच्या हिशेबाने ठोकलाय,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. “तुझ्या वजनाला सीट दबतच नव्हती पुरती. खड्डा आला की स्विच सुटायचा. पुन्हा पुन्हा धरून बिचारा क्लच भाजून निघाला.”

चिमणीने तो तळवा दोन्ही हातांत घेतला. “आधी चार घास जास्त खा, मग बस,” ती स्वतःशीच म्हणाली. “मला वाटायचं, चिडवतायत.” आणि ती तिथेच, गवतात बसून रडली. ते वजन मी मोजू शकलो नाही. ती सीटवर नव्हती.

मिस्त्रींनी नवी, हलक्या माणसासाठीची स्प्रिंग बसवली. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा चिमणी तिसरी पट्टी कापत होती. साहेब घड्याळ धरून वीस मिनिटं उभे राहिले. धूर आला नाही. भंगारवाला जाताना त्यांची जुनी खुर्ची घेऊन गेला.

भिंतीजवळच्या त्या जागी आता पातळ, पोपटी गवत आलं आहे. तिथून जाताना चिमणी वेग कमी करते. शेडमध्ये स्प्रिंग अजूनही कण्हते. नवी स्प्रिंग आहे, कण्हण्याचं कारण नाही. मी हल्ली कारण शोधत नाही. कोणी बसलं असेल, तर बसू दे. मी तयार असतो.

एवढं सगळं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, हा आता यंत्रांची निगा, वडिलांची माया, असं काहीतरी मोठं मागणार. नाही. मोठ्या खड्ड्यांवर अजून एखादी टकटक होतेच, कारण चिमणी अजून त्रेचाळीस किलोच आहे. तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर तिला माझा एवढाच निरोप द्या: डब्यातली भाजीसुद्धा संपवत जा.