मायनस दोनची सही

नाशिक जिल्ह्यात एप्रिल महिन्यात बर्फाची सवय कुठे करून घ्यायची, तर सासरवाडीला. हे डोकं कारभारीच्या जावयाचं. बाहेर पिंपळगावच्या हमरस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं आणि भरदुपारी ललितराव लोकरीची टोपी घालून, पाठीवर भलीमोठी सॅक आणि मागे अमोल नावाचा मित्र घेऊन कोल्ड स्टोअरच्या आवारात मोटरसायकलवरून उतरले. द्राक्षाच्या पेट्या रचणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

कारभारी तिथे बावीस वर्षं ऑपरेटर. कोणत्या चेंबरमध्ये किती गारठा ठेवायचा, हे त्याच्या हातात. हंगाम संपत आला होता, एक चेंबर रिकामं पडलं होतं, आणि जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ललित सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. मोजल्याशिवाय नटबोल्टही पुढे जाऊ द्यायचा नाही. त्याला आणि अमोलला हिमाचलातल्या दोन बर्फाच्या खिंडी पायी ओलांडायच्या होत्या. आठ दिवस, तंबू-शिधा पाठीवर, वाटाड्या न घेता. ती वाट उघडते जूनच्या मध्याला. पण कारखान्याचं वार्षिक शटडाऊन मेच्या शेवटच्या पंधरवड्यात, आणि सलग सुट्टी मिळणार ती तेवढीच. म्हणजे हिमालयाचा हंगाम सातपूरने ठरवला. वरच्या शेवटच्या गावातल्या वाटाड्याने फोनवर सांगितलं होतं की कमरेएवढा बर्फ आहे, दहा जूननंतर या. यायचंच असेल तर जाड स्लीपिंग बॅगा आणा, रात्री मायनस दहापर्यंत जातं. हा माणूस जाड बॅगा भाड्याने देतो, एवढंच ललितच्या ध्यानात राहिलं. शहाण्या माणसाला समोरच्याचा फायदा लगेच दिसतो, त्याचा शब्द दिसत नाही.

दर रविवारी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून दोघं रामशेज चढत होते. साल्हेर एका दिवसात करून आले होते. राहिला होता फक्त गारठा. पातळ बॅग किलोभराची, जाड बॅग अडीच किलोची. मायनस दोनमध्ये चार तास पातळ बॅगेत झोपून बघायचं. जमलं तर अंगात जॅकेट, दोन-दोन मोजे धरून पुढचं निभेल, असा ललितचा हिशोब. दर तासाला कारभारीने तापमान लिहायचं आणि खाली सही करायची, कारखान्यात करतात तशी.

कारभारी हो म्हणाला खरा, पण मनातून त्याला ते नको होतं. कारण भिका. बारा वर्षांपूर्वी भिका नावाचा हमाल जेवून उन्हाने कंटाळला आणि गार लागतं म्हणून चेंबरमध्ये पेट्यांमागे जाऊन आडवा झाला. तीन तासांनी तो कारभारीला सापडला. कुडकुडत नव्हता. शर्टाची बटणं काढून बसला होता आणि हसत म्हणत होता, "नाना, लय गरम होतंय." त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांनी काढली. तेव्हापासून थंडीने माणूस कापायचा थांबला की कारभारीला जास्त भीती वाटायची.

अशा खोलीत पोरीच्या नवऱ्याला कोंडायचं? आपल्या कामाच्या जागी जावई पहिल्यांदा आलेला, आणि त्याला न्यूमोनिया लावून परत पाठवायचं? कारभारीने ते केलं नाही. पॅनेलच्या आत एक आकडा असतो. यंत्र चुकीचं तापमान दाखवायला लागलं की तो बदलून जुळवून घेतात. त्याने तो सहाने बदलला. आत अधिक चार, बाहेर पडद्यावर मायनस दोन. त्याला वाटलं, बेचाळीस डिग्रीतून आलेली पोरं एवढ्यानेही अर्ध्या तासात दात वाजवत बाहेर येतील, जायचं नाव टाकतील आणि आजारीही पडणार नाहीत.

ती चार तासांनी बाहेर आली. हसत. अमोलने तर बॅगेची चेनही पूर्ण लावली नव्हती म्हणे. ललितने पडद्यावरचा आकडा पाहिला, त्याखालचं कॅलिब्रेशनचं स्टिकर पाहिलं, कारभारीच्या चार सह्या पाहिल्या आणि वहीच्या पानाचा फोटो काढला. स्टिकर असलेल्या यंत्रावर संशय घ्यायचा नाही, हे त्याच्या नोकरीचं शिक्षण. कारभारीने संध्याकाळी आकडा पूर्ववत केला, चहा घेतला, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतल्याचं त्याला कळलं तिसऱ्या दिवशी, जेव्हा लेकीने, सृष्टीने, फोन करून सांगितलं की पातळ बॅगा पक्क्या झाल्या.

खरं सांगून टाकायचं की नाही? सांगायचं म्हणजे जावयाला तोंडावर म्हणायचं, मी तुम्हाला फसवलं. त्यापेक्षा त्याने दुसरे उपाय केले, आणि हीच माणसाची जात. आधी सांगितलं, त्र्यंबकचे गुरुजी म्हणाले अधिक महिन्यात लांबचा प्रवास करू नये. ललित नमस्कार करून हसला. मग सांगितलं, दिंडोरीची आत्या सिरियस हाय, केव्हाही बोलावणं येईल. ललितने आत्यालाच फोन लावला. ती गच्चीवर कुरडया घालत होती. परत एकदा झोपून बघा, असं म्हणावं तर मेमध्ये स्टोअर बंद करून मशिनरी खोललेली. सगळे दरवाजे त्याने आपल्याच हाताने लावून घेतले होते.

अधिक महिन्याच्या पहिल्या रविवारी जावई-लेक धोंड्याच्या जेवणाला आले. सृष्टीच्या आईने पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे तबकात लावले, दिवा ठेवला. चांदीची वस्तू नको, असं सृष्टीने आधीच बजावलं होतं. त्यामुळे अनारशांशेजारी निळ्या रंगाची एक गुंडाळी होती, उशीएवढीही नाही. नवी पातळ स्लीपिंग बॅग. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

"जुनी असताना ही दुसरी कशाला?" कारभारीने विचारलं.

तेव्हा कळलं. शटडाऊनमध्ये बाकीचा कारखाना सुट्टीवर जातो, पण मेंटेनन्सच्या माणसाला तेव्हाच खरं काम असतं, आणि अमोल मेंटेनन्सचा. त्याची रजा रद्द झाली होती. ठरलेला बेत मोडायचा नाही म्हणून त्याच्या जागी सृष्टी निघाली होती. ती म्हणाली, मला आधी फार भीती वाटायची, पण नानांच्या चेंबरमध्ये मायनस दोनला काही झालं नाही म्हटल्यावर माझा धीर वाढला.

कारभारीचा हात ताटातच राहिला. बायकोने वाढलेलं तूप धोंड्यावरून ताटात ओघळत गेलं.

"ते मायनस दोन नव्हतं," तो म्हणाला. "मी आकडा बदलला होता. आत चार होतं. अधिक चार. तुम्हाला त्रास नको म्हणून केलं, ललितराव. चूक माझी हाय. त्या बॅगा घेऊन जाऊ नका."

सृष्टीच्या आईने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, जेवणाच्या पंगतीत हे काय काढलंत. ललितने हात पुसले, मोबाइल काढला आणि फोटो शोधून सासऱ्यासमोर धरला. आवाज चढवला नाही. तो भला मुलगा होता, आणि तेच वाईट झालं.

"मामा, आधी गुरुजी झाले, मग आत्या. आज मशीन," तो म्हणाला. "तुमची काळजी कळते मला. पण ही सही तुमची आहे ना? या सहीवर द्राक्षं लंडनला जातात."

"सही माझीच हाय. आकडा खोटा हाय."

"बावीस वर्षांत एक तरी खोटा आकडा लिहिलात का?"

कारभारीने लिहिला नव्हता. एकच लिहिला होता, आणि तो याच पानावर होता. हे त्याने पुन्हा सांगितलं, भिकाचंही सांगितलं, बोटांचं सांगितलं. बोलता बोलता त्याला रडू आलं. ते पाहून सगळ्यांची खात्रीच पटली. पोरगी निघाली म्हणून बाप हळवा झालाय. सृष्टी उठून त्याच्याजवळ बसली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली की नाना, तुम्ही माझ्यासाठी काहीही बोलाल, मला माहितीये.

मग त्याला हसवायचं म्हणून तिने ती निळी गुंडाळी उघडली, साडीसकट आत शिरली आणि गळ्यापर्यंत चेन लावून भर दुपारी हॉलमध्ये फरशीवर आडवी झाली. आई हसली. ललितने फोटो काढला. मिनिटभरात तिच्या कपाळावर घाम आला, गाल लाल झाले, आणि तिने एक हात बाहेर काढून चेन खाली ओढायला घेतली.

"बघा ना," ती हसत म्हणाली. "नाना, लय गरम होतंय."

कारभारी गुडघ्यांवर बसला आणि तिचा तो हात दोन्ही हातांत धरून बोटं मोजल्यासारखी एकेक चाचपत राहिला. ती विचारत होती, काय झालं नाना. नाशिक रोडहून गाडी बुधवारी होती.