पाठीचा शब्द

दुसरबीडच्या अलीकडे एक तलाव आहे. धरण म्हणावं तर लहान, आणि डबकं म्हटलं तर भोयांना राग येतो. एकेकाळी ज्याच्या मनात येईल तो जाळं टाकायचा. शेवटी तलावात पाणी उरलं आणि मासळीच्या नावानं बोंब. मग भोईवाड्याच्या सोसायटीला शहाणपण सुचलं. जाळं फक्त बाजाराच्या सकाळी, तेही ठरल्या वजनापुरतं. बोटाएवढी पिल्लं परत पाण्यात. मोठा कटला मासा सोसायटीच्या नावानं विकायला, आणि उरलेल्या मासळीचे काठावर ढीग, दर चुलीला एक. तेव्हापासून बाजारात मासळीची ओळ बसू लागली आणि बर्फवाल्यापासून भजेवाल्यापर्यंत सगळ्यांचं बरं चाललं.

ढिगाला नाव बाईचं, कारण विकायला तीच बसते. पुरुष बसला तर दोन गिऱ्हाइकांशी भांडतो आणि तिसऱ्याला फुकट देतो, हे भोईवाड्याला पक्कं ठाऊक.

नावं बोलायचा उकंडराव. ढिगांकडे पाठ, तोंड बाभळीकडे. मागून अध्यक्ष शंकरराव एकेका ढिगावर काठी टेकवून विचारायचा, "हा कोनाचा?" आणि उकंडराव तोंडात येईल ते नाव घ्यायचा. पाठीचा शब्द फिरत नाही. कोणी लहान ढिगावरून कुरकुरलं तर सगळे त्याच्या पाठीकडे बोट दाखवायचे. पाठीला कुठे डोळे असतात?

स्वतःच्या बायकोचं, पंचफुलाचं नाव तो शेवटी घ्यायचा, उगाच कुणाला संशय नको म्हणून. ती पाटी भरायची आणि म्हणायची, "झालं. वळा आता." तिनं म्हटल्याशिवाय तो वळत नसे. बाया हसायच्या, "हुकमाचा गडी हाय वं तुहा!"

दिवाळीनंतर पंचफुला गेली. तापाचं निमित्त झालं. लेक संजीवनी लोणारला सासरी, ती म्हणाली, "बाबा, चला माह्यासंगं." हा गेला नाही. म्हणे, नावं कोण बोलणार? खरं म्हणजे कुणाला आपली गरज आहे असं वाटावं, असं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. घरात दिवस दिवस त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नसे. माणसं बसायला आली की तो थंडीचं काढायचा, जाळ्याच्या गाठींचं काढायचा. पंचफुला गेली, हे मात्र त्यानं आजवर आपल्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं.

विकणारी बाई नाही त्या चुलीला ढीग नाही, असा सोसायटीचा नियम. रिकामी जागा रांगेतल्या पुढच्या चुलीला. पुढची होती जयमाला. सासूपासून नुकतीच वेगळी निघालेली, तीन दगडांची चूल आणि कडेवर तान्हं. तेरवीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी शंकरराव सांगायला आला.

"उकंडभाऊ, तुमचा ढीग आता जयमालाच्या नावानं. राग नोका धरू."

"राग कायचा? नियम करतानी म्या बी हात वर केला होता ना."

"नावं मात्र तुमीच बोला."

तेवढं ऐकून त्याला बरं वाटलं.

सकाळी काठावर कडाक्याची थंडी होती. उकंडराव बाभळीकडे तोंड करून उभा राहिला.

"हा कोनाचा?"

"रुखमाबाई."

मागे पाटी खरखरली.

"हा?"

"जनकाबाई."

"हा?"

"छाया."

नावं भराभर येत होती. किती दिवसांनी त्याचा आवाज असा मोकळा सुटला होता.

"आन् हा शेवटचा कोनाचा?"

"पंचफुला."

पाटी वाजली नाही. तान्हं तेवढं रडलं. उकंडरावाला आधी कळलंच नाही. तो आपला वाट पाहत उभा, आता ती वळा म्हणेल. मग कळलं.

"जयमाला, घे वं," शंकरराव म्हणाला. "चुकून निंगालं."

"मी नाही घेत," जयमाला म्हणाली. "पाठीचा शब्द हाय तो. आज चुकून निंगालं म्हनता, उद्या माह्या नावाले बी तसंच म्हनसान."

खोटं नव्हतं. आणखी जाळं टाकता येत नव्हतं, वजन भरलं होतं. शेवटी जनकाबाईनं जुन्या रीतीची आठवण करून दिली. बाई माहेरी गेली, आजारी पडली, तर तिचा ढीग नवरा दुसरीला सोडतो. पाठ करून, सगळ्यांच्या देखत, ती का आली नाही ते सांगून.

शंकररावानं पुन्हा काठी टेकवली.

"सांगा, उकंडभाऊ. पंचफुलाबाई काऊन नाही आली?"

अवघड काहीच नव्हतं. काठावरच्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं, निम्म्यांनी तर खांदा दिला होता. मागे तान्हं पुन्हा रडू लागलं. जयमाला त्याला थोपटत होती, पण पाटीला हात लावत नव्हती.

"मेली," उकंडराव बाभळीला म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "पंचफुला मेली. आता नाही येत ती. हा ढीग जयमालाचा."

"आली, मामाजी," जयमाला म्हणाली.

पाटी खरखरली. ओली मासळी तिच्यात पडल्याचा आवाज आला. बाया घाईनं टेम्पोकडे निघाल्या. बाजार काही कुणासाठी थांबत नाही. शंकररावानं काठी पाण्यात बुडवून धुतली आणि तोही गेला. टेम्पोचा आवाज रस्त्याला लागला, मग तोही येईनासा झाला.

उकंडराव तसाच उभा होता, बाभळीकडे तोंड करून. सगळं झालं, हे त्यालाही कळत होतं. पण वळा म्हणणारं कोणी नव्हतं.