हिरव्या पट्ट्याला चार दिवस कमी

मेट्रनबाईंना रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण आवाज काही रिटायर झाला नव्हता. चौतीस वर्षं हॉस्पिटलात ज्या सुरात त्यांनी "भेटायची वेळ संपली" म्हटलं, त्याच सुरात त्या आता घरी "जेवायला बसा" म्हणत, आणि कर्तासवरता मुलगा अजूनही दचकून उभा राहायचा. अशा बाईला चौसष्टाव्या वर्षी कराटेच्या वर्गात घातलं ते सुनेनं. त्याचं झालं असं, की वर्षापूर्वी बाई न्हाणीघरात घसरल्या. हाडं वाचली, भीती मात्र बसली. सून म्हणाली, "आई, पडणं आपल्या हातात नसतं, पण कसं पडायचं ते शिकता येतं." सासूला पडायला शिकवणारी सून जगात ही एकच असेल.

वर्ग टायरच्या दुकानाच्या माडीवर भरे. खालून रबराचा वास यायचा, वरून घामाचा, आणि जिन्यात दोघांची गाठ पडायची. शिकवणारे सर दिवसा लिफ्ट दुरुस्त करत, म्हणून त्यांचं नाव लिफ्टवाले सर. माणूस देवासारखा शांत आणि नियमाला दगडासारखा. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जायला निदान सहा महिने लागतात म्हणजे लागतात. बटण कितीदा का दाबा, लिफ्ट तिच्याच वेळेला येणार.

आणखी एक नियम होता, तो मेट्रनबाईंच्या घशात हाडासारखा अडकला होता. वर्गात वरच्या पट्ट्याला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणायचं आणि कमरेत वाकून नमस्कार करायचा. सुनेचा पट्टा तपकिरी, बाईंचा पिवळा. घरी एका पातेल्यावरून जिला दहा वाक्यं सुनवावीत, तिलाच माडीवर वाकून "मॅडम" म्हणावं लागे. बाई म्हणत, "घरात मी हिची सासू, आणि जिना चढला की ही माझी." म्हणत, पण एक दिवस चुकवत नसत. शिकताशिकता त्यांना गोडी लागली होती, आणि हिरवा पट्टा त्यांना इतका हवा होता की तेवढा त्यांना मेट्रनचा हुद्दाही कधी हवासा वाटला नव्हता.

त्या गुरुवारी फळ्यावर रविवारच्या परीक्षेची यादी लागली. पिवळ्यावरून हिरव्यावर जाणारी सात नावं होती. मेट्रनबाईंनी ती वरून खाली वाचली, चष्मा पुसून खालून वर वाचली. त्यांचं नाव नव्हतं.

त्या सरळ सरांकडे गेल्या. सरांनी नुसतं बोट केलं. रजिस्टर मॅडमकडे असतं.

"मॅडम," मेट्रनबाई दातांच्या फटीतून म्हणाल्या, "माझं नाव राहिलंय."

सुनेनं पान उलटलं. "राहिलं नाही. तुम्हाला चार दिवस कमी आहेत."

खोटं नव्हतं. मागच्या परीक्षेच्या रविवारी बाईंची दाढ काढली होती आणि गाल भोपळ्याएवढा सुजला होता. पिवळ्यापर्यंतची परीक्षा सरच घेत, म्हणून त्यांनी बाईंची एकटीची परीक्षा पुढच्या गुरुवारी घेतली. बाकीच्यांचे सहा महिने रविवारी भरत होते, यांचे पुढच्या गुरुवारी. मग पुढच्या गुरुवारी एकटीची घ्या की, असं बाईंनी सुचवून पाहिलं. पण हिरव्यापासून पुढे बाहेरगावचे परीक्षक लागत. ते वर्षातून दोनदा येत आणि आल्याआल्या आधी रजिस्टर उघडत. पुढची खेप सहा महिन्यांनी.

सहा महिने थांबायला बाईंची ना नव्हती. डाव्या गुडघ्याची होती. देवानं माणसाला गुडघे दिले ते त्याच्यासमोर टेकायला. बाईंनी चौतीस वर्षं वॉर्डात उभं राहून ते झिजवले. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला डावा गुडघा बदलायचा ठरला होता. बदलणारा सर्जन म्हणजे एके काळचा पोरगेला शिकाऊ डॉक्टर, ज्याला सुई कुठून धरायची ते बाईंनी दाखवलं होतं. आता त्यानं बाईंना सांगितलं, की एकदा बदलला की गुडघ्यावर बसणं बंद, पडणं बंद, कायमचं. तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती, तिसऱ्यांदा ढकलायला तो तयार नव्हता. आणि हिरव्याच्या परीक्षेत पडून दाखवावंच लागतं. म्हणजे हा रविवार, नाहीतर कधीच नाही. हे बाईंनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा औषधाच्या डबीतला कागद वाचूनसुद्धा आजारी पडणारा, त्याला गुडघा कुठे सांगायचा?

मग मेट्रनबाईंनी मोहीम उघडली. शुक्रवारी सकाळी त्यांनी सुनेच्या चहाचं कौतुक केलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे सुनेनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुपारी त्यांनी सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्याही हॉस्पिटलच्या चादरींसारख्या, कोपरे मारून. संध्याकाळी मुलाला मध्ये घातलं. तो बायकोला एवढंच म्हणाला, की आईचं वय बघता चार दिवस म्हणजे काय. बायकोनं विचारलं, की तू ऑफिसात चार दिवस आधी पगार मागून बघशील का. मुलगा दाढी करायला निघून गेला. संध्याकाळचे सात वाजले होते.

शनिवारी दुपारी मात्र बाईंच्या हातातले सगळे पत्ते संपले. सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाई समोर बसल्या आणि गुडघा, तारीख, सर्जन, सगळं एका दमात सांगून टाकलं, वॉर्ड दुसऱ्या पाळीच्या ताब्यात देतात तसं.

सुनेनं सुरी खाली ठेवली. आधी ती भडकली. वीस तारीख ठरलीये आणि घरात कुणाला पत्ता नाही, दवाखान्यात काय एकट्या चालत जाणार होता, असं बरंच बोलली. बाईंनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. रागावलेलं माणूस पाघळतं, हा त्यांचा जुना अनुभव होता.

पण ही पाघळली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

"माझा तपकिरी पट्टा दोन वर्षं उशिरा का आला, आठवतंय?"

बाईंना आठवत होतं. तेव्हा नात पोटात होती. सुनेला नऊ दिवस कमी पडले होते. पुढच्या खेपेला कडेवर बाळ, त्याच्या पुढच्या खेपेला बाळाला गोवर.

"मी खोलीत रडत बसले होते. तुम्ही दारात आलात. काय म्हणालात?"

बाईंना तेही आठवत होतं. नर्सच्या स्मरणशक्तीचा हा शापच म्हणायचा.

"पट्टा काय पळून चाललाय का, असं म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

सून आत जाऊन रजिस्टर घेऊन आली, भाजीची परात बाजूला सारून बाईंसमोर उघडून ठेवलं, आणि वर पेन ठेवलं.

"माझ्या हातानं होणार नाही. तुम्ही करा. गुरुवारची तारीख खोडा, रविवारची घाला. मी उद्या सही करते, सर रजिस्टरात असेल तेच मानतात, आणि मी जन्मात कुणापाशी बोलणार नाही."

हे बोलून ती पुन्हा चिरायला लागली. खरोखरच बघत नव्हती.

मेट्रनबाईंनी पेन उचललं. आता इथे एक सांगितलं पाहिजे. ताप मोजायला उशीर झाला म्हणून तक्त्यावर दहा मिनिटं मागची वेळ टाकणाऱ्या एका पोरीला बाईंनी सगळ्या वॉर्डासमोर रडवलं होतं. पोरगी म्हणत होती, की दहा मिनिटांनी कोण मरतंय. बाई म्हणाल्या होत्या, ते तुला कळणार नाही, कारण तू खोटी वेळ लिहिली आहेस. देव सगळं बघतो हे खरं, पण त्याच्या वतीनं सही कुणाला तरी करावी लागते, असं बाईंचं मत होतं.

पेन तारखेवर टेकलं. तिथेच थांबलं. मग हळूहळू खाली सरकलं, हजेरीच्या रकान्याकडे.

"मार्चची बेरीज चुकलीये," बाई म्हणाल्या. "अकरा नाही, बारा. आणि हे खोडलंय त्याच्याशेजारी सही कुठेय?"

"आई."

"रजिस्टर आहे की वाण्याची वही?"

बेरीज दुरुस्त केली, शेजारी आपली सही ठोकली, रजिस्टर मिटलं आणि त्या उठल्या. उठताना गुडघा कटकन वाजला. दोघींनी तो ऐकला नाही असं दाखवलं.

रविवारी मेट्रनबाई परीक्षेला गेल्या, आडवं व्हायला. परीक्षा देणाऱ्याला उलथवून दाखवायला कुणीतरी समोर लागतं, आणि स्वतः परीक्षेला न बसलेलं पिवळं माणूस वर्गात एकच उरलं होतं. सुनेनं अट घातली, की तीनदाच पडायचं, आणि उजव्या कुशीवरच. बाई सहादा पडल्या. त्यांत एकदा नववीतल्या मुलीकडून, एकदा टायरवाल्याच्या पुतण्याकडून, आणि एकदा वकीलसाहेबांकडून. हे गृहस्थ पांढऱ्यावरून पिवळ्यावर जायला धडपडत होते. त्यांनी बाईंना इतकं घाबरत पाडलं, की शेवटी बाईच कुजबुजल्या, "अहो, ढकला. मी काय कोर्ट आहे?"

सहाव्यांदा त्या पडल्या तेव्हा चटईवर हात असा सपकन वाजला, की बाहेरचे परीक्षक कागदावरून मान वर करून बघायला लागले. त्यांनी सरांना विचारलं, या बाईंचा फॉर्म कुठे आहे. सर म्हणाले, फॉर्म नाही, चार दिवस कमी आहेत. परीक्षकांनी चुकचुक केलं आणि पुन्हा लिहायला लागले. बाई चटईवर तशाच पडून छताकडे बघत होत्या. हे पडणं शेवटचं, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी हात द्यायच्या आत त्या कुशीवर वळून आपल्याआप उठल्या.

संध्याकाळी पट्टे वाटले. सातही जण हिरवे झाले. वर्ग संपताना सगळे रांगेत उभे राहतात: वरच्या रंगाचे पुढे, आणि एका रंगात ज्याची तारीख जुनी तो पुढे. हिरवे पुढे सरकले, आणि पिवळ्यांच्या रिकाम्या रांगेत पांढऱ्यांतून आलेले नवे पिवळे शिरले. मेट्रनबाई सवयीनं पिवळ्यांच्या शेवटच्या जागेकडे निघाल्या.

"बाई, तिकडे कुठे?" सर म्हणाले. "पिवळ्यांत आता तुमच्यापुढे कोणी नाही."

बाई थबकल्या. हिशेब त्यांनी मनात केला. वीस तारखेनंतर उभ्यानं हात चालवायला डॉक्टरांची मनाई नव्हती. पिवळे येतील, सहा महिने थांबतील, हिरवे होऊन जातील. आपण मात्र हलणार नाही. म्हणजे दरवर्षी आपली तारीख सगळ्यांत जुनी, आणि मरेपर्यंत जुनीच होत जाणार. डॉक्टर व्हावंसं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आपण वॉर्डात शिरल्यावर कोण कोण सरळ उभं राहतं, एवढंच त्या बघत आल्या होत्या.

रांगेच्या तोंडाशी नवा कोरा पिवळा पट्टा बांधून वकीलसाहेब उभे होते. गाठ उलटी बांधलेली.

"तारीख कधीची तुमची?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"आजची," वकीलसाहेब हसून म्हणाले.

"मग मागे सरका. आणि गाठ सोडून नीट बांधा."

वकीलसाहेबांनी काही युक्तिवाद करायला तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं. सून रजिस्टरात डोकं घालून बसली होती. त्यांनी तोंड मिटलं आणि मागे सरकले.