रस्त्यात आडवा टाकलेला रूळ

मी एक जुना, काळ्या दगडाचा रूळ आहे, मित्रांनो. कामशेतहून पवनेकाठी जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गवतात पडलो आहे. माझी कीव करू नका, मला ती सोसत नाही.

वलवणजवळच्या खाणीत पाथरवटांनी मला घडवलं. पुढे या रस्त्याचं काम निघालं. गावच्या बायकांनी खडी फोडली, गड्यांनी ती पसरली आणि बजरंग नावाच्या शेतकऱ्याच्या बैलांनी मला तिच्यावरून ओढलं. दसऱ्याला बजरंगची बायको रतनबाई मला हळदकुंकू वाहायची. "आता आमची गाडी चिखलात रुतायची न्हाई, देवा," म्हणायची. मला हसू यायचं. रस्ता कुणासाठी चालला आहे, हे मेंबरांच्या बोलण्यातून मला केव्हाच कळलं होतं.

मेंबर म्हणजे लोकल बोर्डाचे गंगाधरराव. निवडणुकीत त्यांनी गावोगाव रस्त्याचं वचन दिलं होतं. रस्ता झाला, पण तो थेट त्यांच्या नदीकाठच्या बंगल्यापर्यंत. मग त्यांनी मोटार घेतली आणि बोर्डात ठराव केला. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांनी खडी उखडते, सबब पावसाळ्यात गाड्यांनी कडेच्या कच्च्या वाटेने जावं! गावची वाट रस्त्याला मिळते तिथे रस्त्यावरच मला आडवं टाकलं आणि महिपती नावाच्या गड्याला राखणीला बसवलं. मोटार आली की येत्याजात्या माणसाला हाताशी घेऊन त्याने मला पहारीने सरकवायचं, गेली की पुन्हा आडवं करायचं. मला हे काम फार आवडलं. खडी दाबण्यापेक्षा माणसं अडवण्यात थाट जास्त असतो.

एका आषाढात भर दुपारी बजरंगची गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. गाडीत रतनबाई कण्हत होती. मूल अडलं होतं, तिला कामशेतच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.

"महिपतीभाऊ, एवडा रूळ सरकवा. वाटंत लय चिखल हाय, गाडी जायाची न्हाई," बजरंग म्हणाला.

महिपती विरघळला होता. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. "आधी सायबांच्या मोटारीला वाट दिऊ. मागनं तुजी गाडी काढ," तो म्हणाला. महिपतीबरोबर बजरंगने माझ्याखाली पहार घातली, छातीने जोर लावला आणि मला बाजूला केलं.

मोटार माझ्या पलीकडे जाऊन थांबली. बजरंगने हात जोडले. "सायेब, हिला तेवडं मोटारीतनं न्या."

"गादी नवी आहे," गंगाधरराव म्हणाले. मग त्यांनी महिपतीकडे पाहिलं. "रूळ आडवा कर. माझ्या डोळ्यांदेखत. आज याला सोडलंस, तर उद्या दहा गाड्या उभ्या राहतील."

महिपतीने मान खाली घातली आणि पहार उचलली. एकट्याने मी हलेना, तेव्हा त्याने सवयीने हाक मारली, "बजरंगा, हात लाव." आणि मित्रांनो, बजरंगनेही सवयीनेच हात लावला! बायको गाडीत ओरडत होती आणि नवरा मला तिच्या वाटेत नीट बसवत होता. मोटार निघून गेली.

गाडी चिखलात उतरली आणि थोड्याच अंतरावर आसापर्यंत रुतली. रतनबाई तिथेच गेली, मूलही गेलं. पुढच्या निवडणुकीतही गंगाधरराव निवडून आले. चांगला रस्ता केला म्हणून लोकांनी हार घातले.

पुढे डांबर आलं, वाफेचा रूळ आला, ठराव मोडला आणि मला गवतात ढकललं. आता रस्त्यावरून कुणीही जावं. बजरंग मात्र इथे आला की आपली गाडी खाली चिखलात उतरवतो. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर हसतो, "आबा, वर या की! आता कोन अडवतंय?"

"नगं. आमची वाट हितनंच हाय," बजरंग म्हणतो.

आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तूंची निगा राखा, असं सांगायची रीत आहे. मला निगा नको. घण आणा, मला फोडा आणि माझी खडी त्या चिखलवाटेत घाला. लवकर घाला, मित्रांनो. बजरंग अजून तिथूनच जातो आहे.