शून्य दिवसाचा आकडा

यंत्रावर तेहतीस आला. मी दुसरी बाटली लावली. पुन्हा तेहतीस.

नऊ महिन्यांपूर्वी मीच गणित मांडलं होतं, की या कॅप्सूलमधल्या, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची ताकद वर्षाअखेर पासष्ट राहील. गणित कसलं, शून्य दिवसाचा, म्हणजे माल तयार झाला त्या दिवसाचा एक आकडा, तीन महिन्यांनंतरचा एक, आणि दोन्हींमधून उताराची रेघ. साहेबांना घाई होती, तिसऱ्या आकड्याला सवड कुणाला? त्या रेघेवरून डब्यांवर वीस महिन्यांची मुदत छापली गेली.

आज हा वर्ष झालेला नमुना तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं. काल दादाकडे गेले होते. स्वादुपिंड काढल्यापासून तो जेवणासोबत आमच्याच कॅप्सूल घेतो. सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्याची मान नुसती काडी दिसत होती.

"खातात राक्षसासारखं, पण अंगी काही लागत नाही," वहिनी म्हणाली.

"अगं, बहिणीच्या हातचं औषध आहे," दादा हसला. "लागेल हळूहळू."

मी त्याच्या डब्यावरचा लॉट नंबर टिपून घेतला.

आता मी जुनी वही काढली. शून्य दिवस: ऐंशी. अक्षर माझंच. समासात वेळ: बर्फातून काढली अकरा दहा, मोजली अकरा पन्नास.

चाळीस मिनिटं? हे काम पाच मिनिटांचं! विरघळवलेलं एन्झाइम बर्फाबाहेर मरतं, हे नव्या मुलींना मीच घसा फोडून सांगते. मग आठवलं. त्या दिवशी वहिनीचा फोन आला होता, "ऑपरेशन झालं, जीव वाचला." मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडले होते, आणि बाटली टेबलावर उन्हात. शंभर असायचे ते ऐंशी भरले. सुरुवातच खाली धरली, म्हणून उतार सौम्य दिसला. वीस महिने कसले, माल चार महिन्यांतच बाद होत होता.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग बोलूही नका. पुढच्या लॉटपासून मुदत बदलू. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत मॅडम, कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय?"

खरं सांगते, मला ते पटलं. भीती माणसाला काहीही पटवते. मी फक्त दादाला फोन केला.

"दादा, त्या कॅप्सूल टाकून दे. आजच दुसऱ्या कंपनीच्या आण."

"का गं?"

"चूक झालीय. माझी."

तो म्हणाला, "मला तू सांगितलंस. बाकीच्यांना कोण सांगणार गं?"

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण आणि सही. पट्टी घेतली. ऐंशीवर रेघ ओढली. लिहिलं: नमुना चाळीस मिनिटं बर्फाबाहेर, माझ्या हातून. सही केली.

वही छातीशी धरून जिन्यात आले, आणि औषध निरीक्षकांचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली.

या वेळी बाटली बर्फात ठेवून आले होते.