ऊबपेटी

खुडूक कोंबडीने पंचफुलाच्या मनगटावर दोनदा चोच मारली, तरी तिने हात मागे घेतला नाही. एका हाताने कोंबडी उचलून धरली आणि दुसऱ्याने तिच्याखालची नऊ अंडी एकेक करून पदरात घेतली. मग टोपलीतली नऊ अंडी त्या जागी ठेवली. कोंबडीने जरा कुरकुर केली, पंख फुगवले आणि ती परक्या अंड्यांवर आपलीच समजून बसली. जनावर भोळं. पंचफुला मात्र भोळी नव्हती. चुलीतून विझलेला कोळसा ओढून तिने पदरातल्या प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. अंडी उलटताना बाजू कळावी म्हणून तिची सुभद्रा पेन्सिलीने काढायची, अगदी तसाच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आपल्याला एवढं जमतं, याचं तिला त्या घाईतही थोडं कौतुक वाटलं.

"आई, झालं काय वं? गाडी सुटते!" रस्त्यावरून सुभद्राची हाक आली.

"आली, आली," म्हणत पंचफुलाने अंडी कापसात दडवली आणि टोपली पोटाशी धरली.

ही सगळी उठाठेव अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी होती. वऱ्हाडच्या चारही जिल्ह्यांतल्या शाळा तिथे यायच्या होत्या आणि वलगावच्या शाळेतून खुशालराव मास्तरांनी आठवीतल्या सुभद्राची ऊबपेटी निवडली होती. चहाचं एक जुनं खोकं. खालच्या कप्प्यात कंदील, मधे पत्रा, वर वाळू आणि गवत, गवतावर अंडी. शाळेतला उष्णतामापक मास्तरांनी जिवावर उदार होऊन दिला होता. त्यांच्याच सांगण्यावरून सुभद्राने त्याच दिवशी नऊ अंडी कोंबडीखालीही ठेवली होती, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. कोंबडीशिवाय पिल्लू काढायचं, असा त्या मुलीचा निर्धार होता.

तिचा बाप डोमाजी हे ऐकून आधी हसला आणि मग एक दिवस जेवता जेवता त्याने अट घातली.

"पेटीतून पिल्लू निघालं त शिक पुढं. नाई निघालं त कापसाच्या वेचणीले चाल मायसंगं. लई झाली शाळा."

डोमाजी काही दुष्ट माणूस नव्हता. दुसऱ्याच्या वावरात राबून राबून त्याला एवढंच कळलं होतं, की घरात कामाचे दोन हात वाढले तर बरं. पण त्याचा शब्द म्हणजे शब्द. धम्मदीक्षेच्या वर्षी पोर पहिलीत घातली तेव्हाही त्याने असाच एका घासात निकाल दिला होता.

तेव्हापासून पंचफुलाचा जीव टांगणीला लागला. तिला पेटीतलं काही कळत नव्हतं, पण पोरगी शिकावी एवढं मात्र फार फार वाटत होतं. पहाटेचा कंदील तिच्याकडे होता, आणि तिने तो डोळ्यांत तेल घालून राखला. कंदिलातलं तेल निराळं. फक्त एका पहाटे दिवसभराच्या कष्टाने तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा कंदील विझलेला आणि पत्रा गार. तिने वात पेटवली आणि ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही.

अकोल्याला निघायच्या दिवशी तिने कोंबडीखालचं अंडं कानाला लावलं, तर आतून टकटक ऐकू आली. पेटीतलं लावलं, तर काही नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं. सगळीच मुकी. आपण पोरीचं वाटोळं केलं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि पुढचं काम तिच्या हातांनी मनाला न विचारताच केलं.

बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत पंचफुलाने टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. मुलीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून ती सोबत आली होती. नेसूचं धुवट लुगडं, पायात काही नाही. अकोल्याच्या शाळेच्या सभागृहात इतकी टेबलं, तारा आणि काचेच्या नळ्या पाहून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. सुभद्राने मास्तरांच्या मदतीने पेटी मांडली, कंदील लावला आणि पारा चढण्याची वाट पाहिली. मग टोपली पुढ्यात घेऊन ती अंडी काढू लागली.

चौथ्या अंड्यावर तिचे हात थांबले. तिने आपली बोटं पाहिली. ती काळी झाली होती. तिने अंगठ्याने एक फुली पुसली, तर फुली गेली. तिने मान वर करून आईकडे पाहिलं. पंचफुला उगाच एका मुलाच्या पाणी गाळायच्या मडक्यांकडे बघत राहिली. उरलेली अंडी सुभद्राने नीट गवतावर मांडली, झाकण लावलं आणि फ्रॉकला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले तेव्हा त्या टेबलापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. दोन अंड्यांना तडे गेले होते आणि एकातून इवलीशी चोच बाहेर आली होती. पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होती. खुशालराव मास्तरांची छाती तर कोटात मावत नव्हती. पंचफुलाही जरा पुढे सरकली. निघालं बाई पिल्लू, सुटलो, असं तिला वाटलं.

परीक्षकांतले वयस्कर गृहस्थ चष्मा सावरत वाकले. "वा! फारच छान. चहाच्या खोक्यातून! मुली, ही अंडी किती दिवस आहेत या पेटीत?"

सुभद्रा ताठ उभी होती. "कालपासून, सर."

"कालपासून? इथे तक्त्यावर तर वीस दिवसांचं तापमान लिहिलंय."

"थे माया अंड्यांचं हाये, सर. हे अंडे कोंबडीखालचे होय."

मास्तरांचा चेहरा पडला. "सुभद्रे, काय बोलून राहिली तू?"

"खरं सांगून राहिली, मास्तर."

पेटीत पिल्लाची चिवचिव चालूच होती. पंचफुला गर्दीतून कशीबशी पुढे आली आणि तिने हात जोडले.

"साहेब, म्या बदलले. पोरीले काईच मालूम नाई. तिची पेटी खराब नोका म्हणू."

"तुम्ही कोण, बाई?"

"माय हाये तिची."

गृहस्थांनी तिच्याकडे आणि मुलीकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं. "खरं बोललीस, हे चांगलं केलंस," असं ते सुभद्राला म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे एका मुलाने साखर कारखाना केला होता. बक्षीस त्यालाच मिळालं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मास्तर दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. रिकामी पेटी दोघींच्या पायांशी होती आणि टोपलीत त्या कोंबडीच्या पिल्लांची चिवचिव चालली होती. मूर्तिजापूर गेलं तरी सुभद्रा बोलली नाही. पंचफुलाला ते सहन होईना. पोरीने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बत्ती इझली होती एका दिवशी," ती शेवटी म्हणाली. "मले डोळा लागला. उठली त पेटी थंडी. मले वाटलं, मेले अंडे."

"किती येळ इझली होती?"

"काय मालूम. असंन थोडा येळ."

"आई, कोंबडी बी त रोज चारा खायले उठते ना. तवा अंडे मरते काय?"

जन्म कोंबड्यांत गेला होता पंचफुलाचा. रोज दुपारी कोंबडी उठते, दाणे टिपते, मातीत अंग घोळते आणि सावकाश परत येऊन बसते, हे तिने किती वेळा पाहिलं असेल! कोंबडीचं जे तिला पाठ होतं, ते कंदिलाच्या बाबतीत तिला सुचलंच नाही.

"मले इचारलं असतं त मी सांगतलं असतं," सुभद्रा म्हणाली. "तू मले इचारलं कावून नाई?"

पंचफुलाने पदर तोंडाला लावला आणि बडनेरा येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

घरी पोचल्या तेव्हा डोमाजी डाल्यापाशी उकिडवा बसला होता. स्वारी खुशीत होती. "अवो, पाय पाय! सात निघाले! दोन ऱ्हायले."

सुभद्रा झेपावली. कोंबडीच्या पोटाखालून पिवळी काळी डोकी बाहेर येत होती. तिने गवतातलं एक टरफल उचललं. त्याच्यावर पेन्सिलीची फुली होती. दुसरं उचललं, त्याच्यावर गोल. ती टरफलं तिने ओंजळीत घेतली आणि तिथेच बसली. अकोल्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर आता हुंदके देऊन रडू लागली.

पंचफुलाने नवऱ्याला सगळं सांगितलं. काही म्हणजे काही लपवलं नाही. "हे पेटीतलेच होय. पोरीनंच काढले हे. तिले शाळेत जाऊ द्या."

डोमाजीने डोकं खाजवलं. "वीस दिवस बत्तीचे, एक दिवस कोंबडीचा. निघाले त कोंबडीखालीच ना?"

"बत्तीचेच होय, मी सांगतो ना!"

"आता सांगून राहिली तू." तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. "तू त घरात होती. रोज पायत होती. तूच नाई मानलं, त म्या कसं मानू?"

सोमवारी सुभद्रा कमरेला ओटी बांधून वेचणीला गेली. पंचफुला तिच्या शेजारच्या ओळीत होती. पोरीची बोटं बोंडांच्या टोकांनी सोलवटली, तरी तिने आईला दाखवली नाहीत. बडनेऱ्याला उतरल्यावर मास्तरांनी शाळेत नेलेली पेटी ते एकदा सायकलवर येऊन ठेवून गेले. जाताना ते पंचफुलाशी बोलले नाहीत, आणि तिलाही त्यांना थांबवायचा धीर झाला नाही. आपण आंधळ्या मायेने पोरीच्या पायाखालची पायरीच काढून घेतली, हे आता तिला लख्ख दिसत होतं. रात्री अन्न गोड लागत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी सुभद्रा बापासमोर उभी राहिली. "बाबा, मी अजून एक डाव लावीन. अट थेच."

"लाव," डोमाजी म्हणाला.

पंचफुला धावतच आत गेली आणि विकायला ठेवलेल्या अंड्यांतली निवडून निवडून ताजी घेऊन आली. सुभद्राने ती एकेक करून तपासली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि गवतावर मांडली. पंचफुला जवळच बसून होती. कधी नव्हे ती पोर आज आपल्याजवळ बसून काम करते आहे, याचंच तिला सुख वाटत होतं.

मग सुभद्राने झाकण लावलं. झाकणाला नवी कडी ठोकलेली होती. बाजारातून आणलेलं एक लहानसं कुलूप तिने त्या कडीत अडकवलं, दाबलं, ओढून पाहिलं. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवलेली होती. तो दोरा तिने गळ्यात घातला आणि किल्ली पोलक्याच्या आत सोडली. हे सगळं तिने आईकडे न बघता, पण आईपासून न लपवता केलं.

"आई, खालची बत्ती तू पायजो," ती म्हणाली. "तेल सरू देऊ नोको."

"पाहीन माय," पंचफुला म्हणाली.

खालच्या कप्प्याला दार नव्हतं. पंचफुलाने कंदील बाहेर ओढला, काच पदराने पुसली, घासलेटची बाटली आणून टाकी काठोकाठ भरली आणि पेटता कंदील परत आत सरकवला. मग ती पेटीपुढे मांडी घालून बसली.